सुई, लेझर किंवा पीलनंतर त्वचा काळवंडते तेव्हा : डाग नेमका कशाचा?

तगर

लग्नसराई जवळ आली की बोटॉक्स, फिलर (त्वचेखाली टोचायचा भराव), केमिकल पील (आम्लाने वरची त्वचा सोलणं), लेझर हेअर रिमूव्हल, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचेला टोचे देणं) यांची गर्दी सुरू होते आणि पाठोपाठ "तिथे काळं पडलंय, काय लावू?" हा प्रश्न येतो. लावायचं काय हे ठरवण्याआधी तो डाग कशाचा आहे ते कळायला हवं, म्हणून हा धागा.

त्या जागी चारपैकी काहीतरी एक असतं. त्वचेखाली सांडलेलं रक्त, म्हणजे साधा काळानिळा डाग. ते रक्त विरघळल्यावर मागे उरलेलं लोह. दाहामुळे जास्त तयार झालेलं मेलॅनिन. आणि फिलर दिलं असेल तर रक्तवाहिनीच बंद झाल्यामुळे बदललेला रंग. पहिलं आपोआप जातं. दुसऱ्याला महिने लागतात आणि त्यावर गोरेपणाची क्रीमं काही करू शकत नाहीत. तिसऱ्याला उन्हापासून जपणं आणि औषध, दोन्ही लागतं. चौथ्यासाठी त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठावा लागतो.

आपली त्वचा फिट्झपॅट्रिक मोजपट्टीवर (रंग आणि ऊन सोसण्यावरून त्वचेचे सहा प्रकार करणारी) साधारण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. रंगपेशींची संख्या गोऱ्या माणसाइतकीच असते, पण त्या पेशी चटकन चेततात. भाजणं, घासणं, टोचणं, आम्ल, मुरूम, काहीही झालं की दाहातून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राईनसारखी रसायनं सुटतात आणि रंगपेशी मेलॅनिन बनवत सुटतात. ते वरच्या थरात राहिलं तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिका होतो. खालच्या थरात झिरपलं तर राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं रेंगाळतो. वुड्स लॅम्पखाली (त्वचा तपासायच्या अतिनील दिव्याखाली) वरच्या थरातला डाग जास्त उठून दिसतो, पण गडद त्वचेत ही तपासणी फारशी भरवशाची नाही. अनुभवी डोळा आणि डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) जास्त उपयोगी.

शेवंती

घरच्या घरी रक्ताचा डाग आणि मेलॅनिनचा डाग वेगळा ओळखता येतो का? तिसऱ्या दिवशी दोन्ही सारखेच दिसतात.

तगर

शेवंती, रंगापेक्षा रंग कसा बदलतो ते बघा. रक्ताचा डाग पहिल्या दिवशी लालसर-जांभळा, मग निळा-काळा, साधारण पाचव्या ते सातव्या दिवशी कडेने हिरवट आणि नंतर पिवळा होत १० ते १४ दिवसांत जातो. हिमोग्लोबिन फुटून आधी बिलिव्हर्डिन आणि मग बिलिरुबिन होतं, त्याचे हे रंग. सावळ्या त्वचेत हिरवा-पिवळा टप्पा नीट दिसत नाही. तेव्हा दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, एकाच कोनातून रोज एक फोटो काढावा. शिवाय डाग गुरुत्वाकर्षणाने खाली सरकतो. डोळ्याखाली सुई लागली तर चौथ्या दिवशी गालावर पिवळेपणा दिसतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

मेलॅनिनचा डाग असा रंग बदलत नाही. तो पहिल्या दिवशी नसतोच. आधी लाली, कधी खपली, आणि एक ते तीन आठवड्यांनी तपकिरी रंग चढू लागतो. जागचा हलत नाही, दाबल्यावर दुखत नाही, ऊन लागलं की गडद होतो.

दोन आठवडे उलटले आणि जागेवर गंजासारखा तपकिरी ठिपका राहिला, तर ते बहुधा लोह, म्हणजे हिमोसिडेरिन. त्यावर हायड्रोक्विनोन चोळू नका. ते मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, लोहाला हात लावत नाही. उलट जळजळ झाली तर लोहाच्या डागावर मेलॅनिनचा नवा थर चढतो.

निरगुडी

लेझरबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त डाग तिथेच पडतात आणि त्यातले बरेचसे टाळता येतात.

हेअर रिमूव्हलचा लेझर केसातलं मेलॅनिन शोधतो. त्वचेतही मेलॅनिन भरपूर असेल तर उष्णता वाटेतच शोषली जाते. म्हणून तरंगलांबी महत्त्वाची. ७५५ नॅनोमीटरचा अलेक्झांड्राइट आपल्या रंगाला जोखमीचा. ८०० ते ८१० चा डायोड जपून वापरला तर चालतो. १०६४ चा लाँग पल्स एनडी-यॅग सगळ्यात खोल जातो आणि वरच्या थरातलं मेलॅनिन त्याला कमी शोषतं, म्हणून गडद त्वचेला तो पहिला पर्याय. आयपीएल हा लेझरच नव्हे. त्यात अनेक तरंगलांबींचा प्रकाश एकत्र असतो आणि सावळ्या त्वचेवर भाजण्याचं प्रमाण त्यात जास्त. ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रं बहुतेक आयपीएलच असतात. खोक्यावर त्वचेच्या रंगाचा तक्ता छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय बटण दाबू नका.

दुसरी गोष्ट पल्सची, म्हणजे प्रकाशाच्या एका झोताची, लांबी. तेवढीच ऊर्जा ३० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळात सोडली तर त्वचेला थंड व्हायला अवधी मिळतो. पल्स आखूड ठेवून ऊर्जा वाढवली की भाजलंच म्हणून समजा.

आता डागाचा आकार बघा, तो चूक कुठे झाली ते सांगतो. स्पष्ट कडांचा चौकोन उमटला असेल तर हँडपीसची (यंत्राच्या हातात धरायच्या भागाची) नीलमणी खिडकी त्वचेला नीट टेकली नव्हती, किंवा तिच्यावर जळलेल्या केसांची काजळी साचली होती. ती काजळी लेझर शोषते आणि तापलेली खिडकी त्वचेवर दाबली जाते. दर थोड्या शॉट्सनंतर ती पुसायलाच हवी. चंद्रकोरीच्या आकाराचे डाग ओळीने पडले असतील तर क्रायोजेन फवाऱ्याचा (त्वचा गार करणाऱ्या फवाऱ्याचा) हँडपीस तिरका धरला होता. एका कडेला गारवा पोचलाच नाही आणि तिथे भाजलं. फवारा जास्त वेळ दिला तरी त्वचा गारव्याने दुखावते आणि काळवंडते. आयपीएलचे पट्टे रुंद, लांबट आयताकृती असतात.

शॉटनंतर पाच-दहा मिनिटांत प्रत्येक केसाच्या मुळाभोवती बारीक लाल फुगवटा आला तर काम बरोबर झालं. त्वचा राखाडी किंवा पांढुरकी दिसली, वरचा थर बोटाने सरकला, गार करूनही आग थांबली नाही, तर तिथेच थांबायचं. "थोडं सोसा, संपत आलं" असं कोणी म्हणालं तरी उठून बसायचं. पुढचा एक शॉट म्हणजे आणखी एक डाग.

गोकर्ण

निरगुडी, एनडी-यॅग असेल तर निर्धास्त राहायचं का? जाहिरातीत "सर्व स्किन टाइपसाठी सुरक्षित" लिहिलेलं असतं.

निरगुडी

नाही गोकर्ण, निर्धास्त अजिबात नाही. उन्हाने रापलेल्या त्वचेवर कुठलंच यंत्र सुरक्षित नसतं. कोकणात किंवा गोव्यात समुद्रावर चार दिवस काढून आलात तर किमान तीन-चार आठवडे थांबा. केस आदल्या दिवशी रेझरने काढलेले हवेत. त्वचेबाहेर लांब केस राहिले तर ते वरच जळतात. वॅक्सिंग मात्र आधीचे चार आठवडे नको, कारण मूळच उपटलं तर लेझरला लक्ष्य उरत नाही. खुणा पांढऱ्या पेन्सिलने करायच्या. काळ्या-निळ्या पेनाची रेघ लेझर शोषते आणि त्याच रेघेवर भाजतं. पहिल्या वेळी कानापुढे किंवा जबड्याखाली दोन-तीन टेस्ट शॉट देऊन ते दोन ते चार आठवड्यांनी बघावेत. काळवंडणं उशिरा दिसतं, त्याच दिवशी बघून "टेस्ट पास" म्हणण्याला अर्थ नाही.

लेझर टोनिंगचं, म्हणजे डाग फिके करायला दिल्या जाणाऱ्या हलक्या लेझरचं, वेगळं सांगते. क्यू-स्विच्ड एनडी-यॅगची हलकी सेशन्स दर आठवड्याला लांबवत नेली की उलटं होऊ शकतं, गालावर थेंब पडावेत तसे पांढरे ठिपके. ते काळ्या डागांपेक्षाही हट्टी असतात. फ्रॅक्शनल सीओटू लेझरमध्ये तर ऊर्जेपेक्षा घनता बघा. एका चौरस सेंटीमीटरमध्ये किती टोचे बसतात यावर आपल्या त्वचेचं काळवंडणं जास्त अवलंबून असतं. घनता कमी ठेवून सेशन्स वाढवणं बरं.

लामणदिवा

फिलरचं मी लिहितो. तगरताईंनी वर चौथा प्रकार म्हटला, तो वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ असावा.

ह्यालुरोनिक ॲसिडचं फिलर चुकून धमनीत गेलं किंवा बाहेरून धमनीवर दाब आला, तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो. आधी त्वचा पांढरीफटक पडते, काही सेकंद किंवा मिनिटं. हा टप्पा नजरेतून सुटू शकतो. मग जाळीसारखा जांभळट ठसा उमटतो. दोन-तीन दिवसांनी बारीक पूभरले फोड येतात, ते नागिणीचे किंवा मुरमांचे समजले जातात आणि वेळ जातो. त्यानंतर त्वचा काळी पडून मरते.

साध्या डागापासून ते असं ओळखायचं. साधा डाग सुई टोचली तिथे किंवा जरा खाली असतो, सलग रंगाचा असतो. धमनी बंद झाली तर ठसा त्या धमनीच्या वाटेने दूरवर दिसतो. नाकाशेजारच्या घडीत फिलर दिलं आणि रंग नाकपुडीवर किंवा वरच्या ओठावर बदलला, असं. शिवाय जाळी. शिवाय दुखणं वाढत जातं. पण फिलरमध्ये लिडोकेन हे बधिर करणारं औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला दुखत नाही म्हणून धीर धरू नका. सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे जागा बोटाने पाच सेकंद दाबून सोडायची. निरोगी त्वचेत दोनेक सेकंदांत रंग परततो. तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त लागले आणि दुसऱ्या बाजूला लगेच परतला, तर डॉक्टरांना फोन करायचा, रात्री दोन वाजता सुद्धा.

आणि बर्फ लावायचा नाही! साध्या डागाला बर्फ बरोबर, इथे घातक. गारव्याने उरल्यासुरल्या वाहिन्याही आकसतात. इथे कोमट शेक, हलका मसाज आणि ह्यालुरोनिडेज. हे एन्झाइम फिलर विरघळवतं. अशा वेळी त्याचा डोस मोठा असतो. ओठ किंवा नाक अशा एकेका भागाला साधारण ५०० युनिट आणि रंग परतेपर्यंत दर तास-दीड तासाला पुन्हा. आपल्याकडे १५०० युनिटची व्हायल मिळते. फिलर घ्यायच्या आधी सरळ विचारा, "ह्यालुरोनिडेज इथे फ्रिजमध्ये आहे का, किती व्हायल?" उत्तरात आढेवेढे आले तर तिथे फिलर घेऊ नका. कॅल्शियम हायड्रॉक्सीॲपेटाइटचं फिलर या एन्झाइमने विरघळत नाही, तेही आधी विचारून घ्या.

फिलरनंतर डोळ्यात दुखलं, धूसर झालं, दोन दिसू लागले तर एक मिनिटही थांबायचं नाही. डोळ्याचा पडदा रक्ताविना तासभर, फार तर दीड तास तग धरतो.

शेवंती

हे कुठेच इतकं स्पष्ट लिहिलेलं नसतं. मग निव्वळ काळंनिळं पडू नये म्हणून काय करावं? सुईऐवजी कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, वापरली तर पडतच नाही का?

लामणदिवा

पडतं, पण कमी. बोथट टोकाची २२ किंवा २५ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी ती बारीक) कॅन्युला वाहिन्यांना भोसकत नाही, बाजूला सारते. आत शिरण्यासाठी मात्र सुईने एक छिद्र करावंच लागतं, डाग पडलाच तर बहुधा तिथे. २७ गेज किंवा त्याहून बारीक कॅन्युला असेल तर ती सुईसारखीच धमनीत घुसू शकते, त्यामुळे "कॅन्युला आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. डोळ्याखालच्या खळीत त्वचा कागदासारखी पातळ आणि खाली शिरांचं जाळं, तिथे डाग पडण्याची तयारी ठेवूनच जावं. त्याच जागी फिलर फार उथळ बसलं तर निळसर झाक दिसते. तो रक्ताचा डाग नव्हे. प्रकाश विखुरल्याने जेल निळं दिसतं आणि दोन आठवड्यांनीही हटत नाही. ते विरघळवावंच लागतं.

बोटॉक्सला ३० ते ३२ गेजची सुई असते. डोळ्यांच्या कडेला त्वचा ताणून, बाजूने प्रखर उजेड टाकून निळ्या शिरा बघून, अगदी वरवर टोचलं तर डाग क्वचितच पडतो. पडलाच तर लगेच, न चोळता, दोन-तीन मिनिटं घट्ट दाबून धरायचं. नंतर रुमालात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं लावून १० मिनिटं काढायचा, पहिल्या दिवशी असं अधूनमधून. बर्फाचा खडा थेट त्वचेवर नको, त्यानेही त्वचा भाजते आणि काळी पडते. त्या रात्री उशी जरा उंच, दोन दिवस जिम, सॉना आणि मद्य बंद.

चिंचपेठ

औषधांचं दुकान चालवणाऱ्याच्या नजरेतून थोडं.

ॲस्पिरिन प्लेटलेट कायमचं निकामी करतं. नवे प्लेटलेट तयार व्हायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून ॲस्पिरिन तेवढे दिवस आधी बंद ठेवतात. आयबुप्रोफेनचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्यावं. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल, जिंको, जिनसेंग यांनीही रक्त सांडण्याची शक्यता वाढते आणि लोक त्यांना औषधात मोजतच नाहीत. विचारलं की "मी काही घेत नाही" म्हणतात. यादीत तेही सांगा.

पण हृदयरोग, स्टेंट किंवा पक्षाघातानंतर सुरू असलेलं ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायचं नाही. गालावरचा डाग दोन आठवड्यांत जाईल, स्टेंटमधली गुठळी थांबणार नाही. अशा माणसाने प्रोसिजर पुढे ढकलावी किंवा डाग मान्य करून करावी.

दुसरं, काउंटरवर सगळ्यात जास्त मागितलं जाणारं "तीन औषधांचं" क्रीम. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. पीलनंतर काळवंडलं म्हणून शेजारणीने सुचवलेलं हे क्रीम लोक महिनोन्‌महिने लावतात. आधी उजळ दिसतं. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरूम, ओठांभोवती पुरळ, गालावर लव, आणि क्रीम बंद केलं की चेहरा पेटतो. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टेरॉइड क्रीमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. तरीही मागणारे मागतात. हायड्रोक्विनोन एकटंही वर्षानुवर्षं लावलं तर निळं-काळं, दाणेदार ऑक्रोनोसिस होतं, आणि त्याला उपाय जवळपास नाही.

पायवाट

पायांच्या शिरांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून जोडतो. स्क्लेरोथेरपीनंतर (फुगलेली शिर औषध टोचून बंद करण्यानंतर) शिरेच्या वाटेने तपकिरी रेघ उमटते, बऱ्याच जणांना. ते मुख्यतः लोह असतं. शिरेत अडकलेलं रक्त भिंतीतून झिरपतं आणि पेशी ते गिळून बसतात. शिरेत टोचायच्या पोलिडोकॅनॉल या औषधाची ताकद शिरेच्या जाडीपेक्षा जास्त घेतली की भिंत फुटते आणि डाग पक्का होतो. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरांना साधारण ०.५ टक्क्यापर्यंत, जरा जाड निळ्या शिरांना १ टक्क्यापर्यंत, आणि पिचकारीवर जोर न देता.

दोन-तीन आठवड्यांनी शिर टणक, दुखरी, काळी गाठ वाटली तर ते अडकलेलं रक्त. बारीक छिद्र करून दाबून बाहेर काढलं की रेघ बरीच कमी गडद राहते. ही भेट लोक चुकवतात, "दुखतंय पण जाईल" म्हणत. त्या एका भेटीने सहा महिन्यांचा डाग वाचतो. २० ते ३० मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबाचे घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितलेले पूर्ण दिवस घालावेत. मिनोसायक्लिन सुरू असेल तर आधी सांगा, त्याने डाग वाढतात. आणि वरच्या मोठ्या शिरेत झडप गळत असेल तर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) न करता खालच्या शिरा टोचण्यात अर्थ नाही, दाब तसाच राहून पुन्हा फुगतात. उरलेली रेघ बहुतेकांची ६ ते १२ महिन्यांत जाते.

गोकर्ण

मानेवरचे चामखीळ आणि गालावरचे बारीक काळे दाणे जाळून घेतल्यावर तिथे मूळ दाण्यापेक्षा मोठे डाग का पडतात?

निरगुडी

कारण दाणा वरच्या थरात असतो आणि जाळणारा खाली उतरतो. रेडिओफ्रिक्वेन्सीची ताकद कमीत कमी ठेवून दाणा नुसता राखाडी होईपर्यंत स्पर्श करायचा आणि ओल्या गॉजने पुसायचा. बुडापर्यंत खरवडायचं नाही. पहिल्या दिवशी चाळीस दाणे न काढता कानाजवळचे चार-पाच काढून सहा आठवडे बघावेत. खपली नखाने काढली की डाग नक्की. ती सात-आठ दिवसांत आपोआप पडू द्या, वर नुसतं व्हॅसलीन.

तगर

पीलचं आता थोडक्यात, कारण लग्नाच्या तारखा जवळ आहेत.

ग्लायकोलिक पील वेळेवर उदासीन करावंच लागतं, म्हणजे त्याच्या आम्लाचं काम थांबवावं लागतं, सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने. घड्याळापेक्षा त्वचेकडे बघायचं. एकसारखी लाली आली की थांबा, मधेच एखादा पांढरा ठिपका दिसला तर तिथे तत्काळ. सॅलिसिलिकमध्ये पांढरी पूड उमटते, ती स्फटिकांची असते, भाजल्याची नव्हे. आपल्या त्वचेला ३० ते ४० टक्के मँडेलिक किंवा २० ते ३० टक्के सॅलिसिलिक सौम्य पडतं. गरोदरपणात आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक टाळा. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांवर आधी व्हॅसलीन. आधीचे दोन ते चार आठवडे सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं क्रीम लावून त्वचा तयार करायची. ट्रेटिनॉइन पीलच्या काही दिवस आधी बंद, थ्रेडिंग-वॅक्सिंग आठवडाभर आधी बंद.

नवऱ्या मुलीचं शेवटचं पील हळदीच्या किमान तीन-चार आठवडे आधी. ताज्या सोललेल्या त्वचेवर हळद, बेसन आणि लिंबू चोळलं की आग होते, आणि मग काळवंडणं आलंच. घरात मोठ्यांना आधीच सांगून ठेवा, त्या दिवशी हळद गालाला नुसती टेकवायची, रगडायची नाही. फिलर चार ते सहा आठवडे आधी, बोटॉक्स तीन-चार आठवडे आधी.

मेलॅनिनचा डाग पडलाच तर पहिले काही दिवस दाह शांत करायचा. गार पाणी, साधं मॉइश्चरायझर, आणि डॉक्टरांनी दिलं तरच सौम्य स्टेरॉइड ३ ते ५ दिवस. त्वचा भरून येईपर्यंत उजळवणारं काहीही नको. नंतर ॲझेलेइक ॲसिड १५ किंवा २० टक्के, नियासिनमाइड ४-५ टक्के, गरज पडली तर ठरावीक मुदतीचं हायड्रोक्विनोन, तीन महिने झाले की थांबून तपासणी. ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांचा मुख्य उपयोग वांगावर आहे. गुठळीचा इतिहास असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतील तर त्या नकोतच.

सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतकं, चेहरा-मानेला मिळून दोन ओळी, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. आपल्या रंगाला दिसणारा प्रकाशही काळा करतो. तो अडवायला आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन लागतं, साधं पांढरं पुरत नाही. यूव्हीए काचेतून आत येतो, तेव्हा एसटीच्या खिडकीतही आणि ऑक्टोबर हीटमध्ये घरात बसूनही लावायचं.

शेवंती

शेवटचं विचारते. डाग पडल्यावर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जावं?

लामणदिवा

कागद. लेझर असेल तर यंत्राचं नाव, तरंगलांबी, ऊर्जा, पल्सची लांबी, स्पॉटचा आकार. पील असेल तर आम्ल, टक्केवारी, किती मिनिटं ठेवलं. फिलर असेल तर सिरिंजच्या खोक्यावरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर, आणि कुठे किती मिलिलीटर. हे सगळं प्रोसिजरच्या दिवशीच मागून घ्या, सिरिंज तुमच्यासमोर उघडायला लावा आणि स्टिकरचा फोटो काढा. सोबत रोजचे फोटो आणि चेहऱ्यावर सध्या लावत असलेल्या प्रत्येक ट्यूबचं झाकण-खोकं, पार्लरमधून मिळालेल्या बिननावाच्या डब्या धरून.